फाइल पोचली, अक्षरं नाहीत

माझ्या घरात आजही दोन जुने संगणक चालू आहेत. एक 486, त्यावर डॉस 6.22 आणि विंडोज फॉर वर्कग्रुप्स 3.11. दुसरा पेंटियम, त्यावर विंडोज 98. दोन्ही नांदेडहून जुन्यात घेतलेले. सिद्धेश्वरला, धरणाच्या वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर, मी बरीच वर्षं टायपिंग, लग्नपत्रिका, पाण्याचे अर्ज, संगणकदुरुस्ती असं समोर येईल ते काम केलं. धंदा आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांवर आला आहे. जुन्या यंत्रांचा नाद मात्र सुटला नाही. ही दोन यंत्रं एकमेकांना जोडून एकाच्या फाइली दुसऱ्यावर उघडण्यात जितकं डोकं खर्ची पडलं तितकं दुसऱ्या कशात पडलं नाही, आणि या धंद्यातलं मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्याच खटपटीतून आलं.

सुरुवात फ्लॉपीच्या जाचातून झाली. पुढच्या खोलीतल्या 486 वर मजकूर टाइप व्हायचा, आतल्या पेंटियमवर मांडणी आणि छपाई. मधे फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीत 1.44 एमबी मावायचं. गणपतीचं चित्र टाकलेली एक पत्रिकासुद्धा त्यात बसायची नाही. मग एआरजे वापरून फाइलचे तुकडे करायचे, ते तीन-चार फ्लॉप्यांवर भरायचे, आत जाऊन पुन्हा सांधायचे. सगळ्या चांगल्या निघाल्या आणि शेवटचीच खराब, हे इतक्यांदा व्हायचं की गिऱ्हाइकाला मी आधीच सांगून ठेवायचो. धरणाकाठची ओल, पावसाळ्यात चकतीवर बुरशीचे ठिपके धरायचे. हळद पॉलिश करायच्या दिवसांत पिवळी धूळ कुठंही शिरायची, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तर हमखास.

पहिली जोडणी प्रिंटरच्या पोर्टातून केली. त्यासाठी प्रिंटरची केबल चालत नाही. पंचवीस पिनांचे दोन कनेक्टर घेऊन वेगळीच तार डाग द्यावी लागते: दोन नंबर पंधराला, तीन तेराला, चार बाराला, पाच दहाला, सहा अकराला, तसंच उलट बाजूनं, आणि पंचवीस पंचवीसला. एकूण अकरा तारा. यामागचं कारण कळलं तेव्हा मला फार मौज वाटली. जुन्या प्रिंटर पोर्टातून आठ बिट एकदम बाहेर पडतात, पण आत घ्यायला पाचच तारा असतात, कारण प्रिंटरकडून 'कागद संपला', 'थांब', 'झालं' याहून जास्त ऐकायची गरज कुणाला वाटलीच नव्हती. म्हणून अक्षराचे दोन भाग करून चार-चार बिट पाठवायचे आणि पाचवी तार 'मिळालं' म्हणायला ठेवायची. यंत्र बनवणाऱ्यानं जे काम मनात धरलंच नव्हतं तेच त्याच्याकडून करून घ्यायचं, हा पुढं माझ्या धंद्याचा निम्मा भाग झाला.

डॉस 6 बरोबर, म्हणजे 1993 पासून, इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर असे दोन प्रोग्राम येत. एका यंत्रावर इंटरसर्व्हर आणि दुसऱ्यावर इंटरलिंक लावायचा की पहिल्याची डिस्क दुसऱ्या यंत्रावर डी किंवा ई नावानं दिसू लागे. अडचण एकच. ज्याची डिस्क उघडली ते यंत्र तेवढा वेळ दुसरं काहीच करू शकत नसे. आत पत्रिकेची छपाई चालू, आणि बाहेर टायपिंग करणारा पोरगा हातावर हात ठेवून बसलेला. याला वाटून घेणं म्हणावं की उसनं देणं, मला सांगता यायचं नाही.

यातली एक खुबी पुढं फार उपयोगी पडली. औंढ्याच्या एका सरांच्या घरच्या संगणकाचा फ्लॉपी ड्राइव्हच मेला होता. आत काही घालता येईना, बाहेर काही काढता येईना. इंटरसर्व्हर स्वतःची प्रत सिरियल केबलमधूनच पलीकडच्या यंत्रावर पाठवू शकतो. पलीकडे फक्त डॉसच्या दोन ओळी टाइप करायच्या. त्याला सात तारांची नल मोडेम केबल लागते, तीन तारांची चालत नाही. वेग सगळ्यात जास्त 1,15,200 बॉड, म्हणजे एका फ्लॉपीएवढा मजकूर जायला दोन मिनिटांच्या वर. सर सबंध वेळ पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत बसले होते.

घरच्या संगणकांना जोडायची हौस अर्थातच याच्या पुष्कळ आधीची आहे. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम संगणकाला 1983 साली 'इंटरफेस 1' नावाचा जोड आला. टेपरेकॉर्डरला लावतात तसल्या 3.5 मिलिमीटरच्या जॅकची साधी तार घालून चौसष्ट यंत्रं एका माळेत जोडता येत. टेपवरून जो प्रोग्राम चढायला पाच मिनिटं लागत तो या तारेतून काही सेकंदांत येई. प्रत्येक यंत्राला आधी नंबर द्यायचा. पाठवणाऱ्यानं नंबर सांगून पाठवलं तर प्रत्येक 255 बाइटांच्या आतल्या पुडक्याची पोच घेतली जाई. शून्य नंबरावर पाठवलं तर ते सगळ्यांना जाई, पण पोच कुणाचीच नाही. डेसिबेल्स कंपनीनं हा स्पेक्ट्रम आपल्याकडे 'डीबी स्पेक्ट्रम' नावानं विकला. केंद्र सरकारनं 1984 मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांना जे बीबीसी मायक्रो दिले, त्या यंत्रांसाठीही एकोनेट नावाचं जाळं होतं. पोच घ्यायची की नाही हा प्रश्न तेव्हापासून आजच्या वायफायपर्यंत तोच आहे. फक्त आता तो कुणाला दिसत नाही.

मला वळण लावलं ते मात्र विजेनं. आमच्या वरच्या अंगाला येलदरीला 22.5 मेगावॅटचं वीजघर, आणि आम्ही भारनियमनात. धरण उशाला, कोरड घशाला हे आम्ही विजेच्या बाबतीतही अनुभवलं. पण वीज नसण्यापेक्षा अर्धवट असण्याचा त्रास मोठा. गावातल्या बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेचं छिद्र नुसतं शोभेला असायचं, मागं अर्थिंगची तारच नसायची. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये आत गाळणीचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळं डब्याच्या पत्र्यावर 230 च्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. हात लावला की मुंग्या येतात. माणसाला मुंग्या, पण पोर्टातल्या चिपला तेवढ्यात मरण. अशी दोन यंत्रं चालू ठेवूनच कुणी केबल खोचली की फरकाचा सगळा करंट त्या बारीक तारांतून जातो. वसमतकडच्या एका घरी भावाभावांनी आपले दोन संगणक असेच जोडले आणि दोन्हींचे प्रिंटर पोर्ट गेले. 486 ला पोर्टाचं वेगळं कार्ड असतं, ते बदललं. पेंटियमचं पोर्ट मदरबोर्डवरच, तिथं इलाज नव्हता.

तेव्हापासून कुणाच्या घरी गेलो की संगणकाकडे बघायच्या आधी मी मीटर काढून बोर्डाची तिसरी पिन तपासतो. खड्डा खणून, तांब्याची पट्टी पुरून, वर मीठ-कोळसा घालून पाणी टाकायला लावतो. लोक हसायचे. "फाइल पाठवायला बोलावलं, अन् ह्यानं अंगणात खड्डा खणाय लावला." पण तारेतून काय जाणार हे ठरवायच्या आधी तारेतून काय जाऊ नये हे ठरवावं लागतं, यावर माझं आजही ठाम मत आहे.

पुढं नेटवर्क कार्डं स्वस्त झाली. 486 मध्ये एनई 2000 जातीचं, पेंटियममध्ये रियलटेकचं. टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी, पण 50 ओहमची आरजी-58 केबल, दोन्ही कार्डांना टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर. टीव्हीची केबल 75 ओहमची. ती लावून बघणारे खूप भेटले, 'थोडं चालतं, थोडं नाही' ही त्यांची तक्रार ठरलेली. टर्मिनेटर हा दिसायला नुसता टोपी, म्हणून तो काढून ठेवायची किंवा हरवायची फार सवय. तो नसला की टोकाला गेलेला सिग्नल उलटा फिरतो आणि सगळी माळ बंद पडते. तपासायची रीत सोपी आहे: यंत्रं बंद करून केबलवर मीटर लावा. 25 ओहम आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत, 50 आले तर एक गायब आहे. या एका आकड्यानं माझे किती फेरे वाचवले असतील.

तार झाली की नावं. दोन्ही यंत्रांवर वर्कग्रुपचं नाव एक हवं, यंत्राचं नाव वेगळं हवं, आणि प्रोटोकॉल एक हवा. दोन्हींकडे नेटब्यूई असेल तर फार काही करावं लागत नाही. एकाकडं टीसीपी-आयपी आणि दुसऱ्याकडं नेटब्यूई असेल तर तार धडधाकट, दिवे लुकलुकतात, आणि दोघं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. सगळं बरोबर असलं तरी 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये दुसरं यंत्र लगेच दिसेल याची खात्री नसते, कारण यादी कोणी ठेवायची हे यंत्रं आपसांत निवडणूक घेऊन ठरवतात आणि यादी ताजी व्हायला दहा-बारा मिनिटंही लागू शकतात. मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, "काका, चहा घेऊ, तोवर दिसंल." चहा होईपर्यंत खरंच दिसायचं आणि माझ्या हाताला गुण आहे असा समज पसरायचा. थांबायची गरज नसते खरं तर. दोन उलट्या रेघा आणि यंत्राचं नाव टाइप केलं की यादीत नसलेलं यंत्रही उघडतं. दिसत नाही म्हणजे नाही, असं धरून चालणाऱ्यानं या धंद्यात पडू नये.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकायला पोरं यायची. सर्व्हर कोणता, क्लायंट कोणता, हा त्यांचा गोंधळ मी धरणावर नेऊन सोडवायचो. येलदरी साठवतं, सिद्धेश्वर तिथून घेतं आणि कालव्यानं पुढं देतं; म्हणजे एकच धरण वरच्याकडून मागणारं आणि खालच्याला देणारं. विंडोज 98 चं घरगुती जाळंही तसंच असतं, प्रत्येक यंत्र दोन्ही कामं करतं. पोरांना हे पटकन कळायचं. त्यांना कळायचं नाही ते परवानगीचं. विंडोज 98 मध्ये फोल्डर उघडताना विचारतात: नुसतं वाचू द्यायचं, पूर्ण मुभा द्यायची, की पासवर्डाप्रमाणं? घाईत असलेला माणूस सबंध सी ड्राइव्ह पूर्ण मुभेनं उघडून मोकळा होतो. एका संस्थेत असं केलेलं होतं आणि कुणा पोरानं पलीकडच्या यंत्रावर बसून 'जुन्या नको त्या' फाइली साफ केल्या. त्यात वर्षाची हजेरी गेली. पासवर्डाचाही फार भरवसा नव्हता. नुसतं पहिलं अक्षर बरोबर देऊन आत शिरता येईल अशी फट त्यात निघाली होती आणि 2000 साली मायक्रोसॉफ्टनं तिची दुरुस्ती काढली. तेव्हापासून माझी पद्धत एक: देवाणघेवाणीचं वेगळं फोल्डर करायचं, त्यात मुभा द्यायची, बाकी घर बंद.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही देशातल्या माणसाला सांगता येईल. पुढचं आपलं आहे.

लग्नसराईत पहिल्यांदा तारेतून पत्रिका आत पाठवली तेव्हा फाइल क्षणात गेली. उघडली तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, उलटसुलट चिन्हं. फाइल बाइटन्‌बाइट बरोबर होती. मराठी कुठं गेली? त्या काळातले मराठी फाँट, मग ते पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीतले असोत नाहीतर सी-डॅकच्या आयएसएममधले, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून चालत. फाइलमध्ये 'क' नसतोच. अमुक नंबरचा आकार, एवढंच असतं. त्या नंबरावर 'क' आहे हे फक्त फाँटला माहीत. शिवाय प्रत्येक कंपनीची जागांची वाटणी वेगळी. फ्लॉपीच्या काळात हे कळलं नव्हतं, कारण फाँट सुरुवातीलाच दोन्हीकडं सारखे टाकलेले होते. नंतर एका यंत्रावर नवे आले आणि बिंग फुटलं. त्यात काही मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टात खोचायचं हार्डवेअर लॉक असायचं. लॉक एक आणि यंत्रं दोन. तार कितीही चांगली असली तरी मराठी एका वेळी एकाच खोलीत लिहिता यायची.

यावर उपाय आपल्याच लोकांनी फार आधी काढला होता, हे वाचलं तेव्हा हळहळ वाटली. इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं प्रमाण 1991 मध्ये ठरलं. त्यात अक्षराला अक्षराचाच नंबर असतो, फाँट कोणताही असो. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज 2000 पासून. मधल्या दहाएक वर्षांत गावोगावच्या टेबलांवर जे मराठी टाइप झालं ते जवळजवळ सगळं या फाँटांच्या स्वाधीन राहिलं.

मला हे पुरतं उमगलं ते एका निवृत्त शिक्षकांमुळं. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मुलीनं त्यांच्या घरच्या 486 वर टाइप करून ठेवल्या होत्या. मुलगी लग्न होऊन गेली, यंत्र माळ्यावर गेलं. ते टेंपोत घालून माझ्याकडं आणलं. बॅटरी मेलेली, तारीख 1 जानेवारी 1980. यंत्र आपल्या डिस्कची मापंसुद्धा विसरलेलं. डिस्कच्या लेबलवरून सिलिंडर, हेड, सेक्टर वाचून ती हातानं भरली. डिस्क फिरली. सर म्हणाले, "अरे, पेन ड्राइव्हवर दे ना मग." त्या यंत्राला यूएसबीच नाही. म्हणून पंचवीस पिनांची तीच जुनी तार काढली आणि फाइली पेंटियमवर आणल्या. उघडल्या तर तोच डॉलर-टिंबांचा चिवडा, आणि फाँटचं नावही कधी न ऐकलेलं.

फाँट मूळ यंत्रातच असणार. विंडोज 3.1 च्या काळात फाँटचं वेगळं फोल्डर नव्हतं, ते विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये पडलेले असत, आणि तिथं प्रत्येक फाँटच्या दोन फाइली असत: एफओटी आणि टीटीएफ. एफओटी ही एक-दोन केबीची नुसती चिठ्ठी, खरा फाँट टीटीएफमध्ये. पुष्कळ जण चिठ्ठी नेतात आणि फाँट लागत नाही म्हणून बसतात. टीटीएफ आणली, बसवली, आणि पडद्यावर ओव्या उमटल्या. सरांनी चष्मा लावून पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि मग म्हणाले, "कागदावर काढ."

कागदावर काढल्या. युनिकोडमध्ये बदलल्यासुद्धा, पण ते काम यंत्रावर सोडून चालत नाही. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, रफार नंतर, जोडाक्षरं तुकड्यांत. बदलणाऱ्या प्रोग्रामला हे सगळं उचलून जागेवर ठेवावं लागतं आणि कुठंतरी तो चुकतोच. 'सूर्य'चा 'सूय' झाला, 'पर्वत'चा 'पवत'. सरांनी छापील कागद हाताशी ठेवून लाल शाईनं ओळन्‌ओळ तपासली. तो छापील कागद नसता तर तपासायचं कशावरून?

जुनी यंत्रं जोडण्याचं काम दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. 2017 च्या अखेरीपासून नव्या विंडोज 10 मध्ये एसएमबी 1 ही जुनी पद्धत आपोआप बसत नाही, त्यामुळं आजचा लॅपटॉप विंडोज 98 च्या यंत्राला दारातच उभं करतो. सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. मी मधे एक विंडोज एक्सपीचं यंत्र ठेवलं आहे. त्याला जुन्याचीही रीत कळते आणि पेन ड्राइव्हही लागतो. इंटरनेटची तार मात्र त्याला कधी लावत नाही. डिस्क काढून अडॅप्टरनं नव्या संगणकाला लावणं हा आणखी सरळ मार्ग आहे, आणि डिस्कचा आवाज बदललेला असेल तर मीही तेच करतो. पण लॉक लावल्याशिवाय न उघडणाऱ्या फाइली मूळ यंत्र चालू करूनच काढाव्या लागतात.

तुमच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात, पतसंस्थेच्या कोपऱ्यात असं यंत्र पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा कुणा जाणकाराकडून ते सुरू करून बघा. फाइलींबरोबर टीटीएफ फाँटही काढून घ्या. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं होतं ते एका कागदावर लिहून ठेवा. पीडीएफ करा आणि एक प्रत छापून घ्या. आणि हे सगळं करण्याआधी बोर्डाचं अर्थिंग तपासा.